कपाटात ४६ वर्षं

१८४५ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत मुंबईहून आलेला एक शोधनिबंध दाखल झाला. लेखकाचं नाव जॉन जेम्स वॉटरस्टन, मूळ गाव स्कॉटलंडमधलं एडिंबरो, वय ३४. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवण्याची नोकरी ते मुंबईत करत होते. म्हणजे एका अर्थी तुमच्या-आमच्याच व्यवसायातला माणूस. शिकवून उरलेल्या वेळात ते वायूंचा विचार करत.

विचार असा होता. बंद भांड्यातला वायू म्हणजे सतत इकडून तिकडे धावणारे, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आदळून परत फिरणारे असंख्य सूक्ष्म कण. त्यांच्या आदळण्यातून दाब निर्माण होतो. वायू तापवला की कणांचा वेग वाढतो; तापमान हे या वेगाच्या वर्गाच्या सरासरीशी समप्रमाणात असतं. आणि दोन वेगवेगळे वायू एकत्र केले, तर जड कण हळू आणि हलके कण जोरात असे धावू लागतात, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या गुणाकाराची सरासरी दोघांचीही सारखीच येते.

आज अकरावी-बारावीच्या पुस्तकात ‘वायूंचा गतिज सिद्धांत’ म्हणून आपण जे शिकवतो, त्याचा बराचसा गाभा यात आहे. शेवटचा मुद्दा तर वॉटरस्टन यांच्याआधी कोणी मांडलेलाच नव्हता. आकडेमोडीच्या काही चुका होत्या, पण इमारत भक्कम होती.

निबंध ५ मार्च १८४६ रोजी सोसायटीच्या सभेत वाचला गेला. नंतर मात्र तो छापला गेला नाही. दोन परीक्षकांकडे तो मतासाठी दिला होता. एक होते ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक बेडन पॉवेल (स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांचे वडील). ज्या गृहीतावर सगळं उभं आहे, ते गणिती सिद्धांताला पुरेसा आधार देत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसरे होते सर जॉन विल्यम लबॉक. त्यांनी भीडभाड ठेवली नाही. हा निव्वळ मूर्खपणा आहे, सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा त्यांचा शेरा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. निबंध परत घ्यायचा आणि दुसरीकडे छापायला द्यायचा. पण सोसायटीचा एक नियम होता: सभेत वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होतो, तो परत मिळत नाही. वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती. निबंध कपाटात गेला आणि तिथेच राहिला. सोसायटीच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात त्याचा एक छोटा सारांश तेवढा आला. तो वाचून कोणाला काही उमगल्याचं दिसत नाही.

असं का झालं? परीक्षक मूर्ख होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण लबॉक हे चांगले गणिती होते, चंद्राच्या गतीवर आणि भरती-ओहोटीवर त्यांचं नावाजलेलं काम होतं. उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचा वजनहीन प्रवाही पदार्थ, ही कल्पना त्या काळी अजून पुरती गेलेली नव्हती, हेही खरं. तरी गोष्ट इथे संपत नाही. शोधनिबंध कोण पाठवू शकतो, तो कोण तपासतो, छापायचा की नाही हे कोण ठरवतं, त्याचा खर्च कोण करतं, ही सगळी व्यवस्था त्या वर्षांत घडत होती आणि मोडतही होती. वॉटरस्टन नेमके तिच्यात सापडले.

आपल्या शिक्षक पतपेढीच्या किंवा एखाद्या वाचनालयाच्या वार्षिक सभेला तुम्ही गेला असाल, तर रॉयल सोसायटीची रचना समजायला अडचण पडणार नाही. १६६० साली स्थापन झालेल्या या संस्थेला १६६२ मध्ये राजाची सनद मिळाली. सनदेनुसार २१ जणांची कार्यकारिणी. त्यात अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस. दर वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वसाधारण सभा. तिथे कार्यकारिणीतले १० जण बदलायचे. नावात ‘रॉयल’ असलं तरी राजाकडून पैसे येत नसत. सरकारने १७८० पासून सॉमरसेट हाउसमध्ये जागा दिली होती, बाकी संसार वर्गणीवर. सभासदांना ‘फेलो’ म्हणत. फेलोने प्रवेशाचे १० पौंड भरायचे आणि मग दर वर्षी ४ पौंड, किंवा एकदाच ६० पौंड भरून आयुष्यभराची वर्गणी मिटवायची.

आता पैसे वर्गणीतून येणार म्हटल्यावर काय होतं ते उघड आहे. जितके फेलो जास्त, तितकी तिजोरी भरलेली. १७७८ ते १८२० अशी ४२ वर्षं जोसेफ बँक्स अध्यक्ष होते. त्या काळात आणि पुढेही उमराव, धर्मगुरू, लष्करी अधिकारी, श्रीमंत हौशी मंडळी असे अनेक जण फेलो झाले. त्यांतल्या कित्येकांनी सोसायटीला एकही निबंध दिला नाही. काही ओळखीच्या फेलोंच्या सह्या घ्यायच्या, अर्ज काही आठवडे सभागृहात टांगायचा, पैसे भरायचे, की नावापुढे ‘एफ. आर. एस.’ ही अक्षरं लावायला मोकळे! गणनयंत्रवाले चार्ल्स बॅबेज यांनी १८३० मध्ये इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या ऱ्हासावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात या कारभाराची यथेच्छ टर उडवली. त्यांचा स्वभाव भांडखोर होता, पण यातली बहुतेक टीका रास्तच होती.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक चुरशीची झाली. एका बाजूला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल; दुसऱ्या बाजूला राजे तिसरे जॉर्ज यांचे चिरंजीव, ड्यूक ऑफ ससेक्स. ड्यूकना ११९ मतं पडली, हर्शेल यांना १११. आठ मतांनी विज्ञान हरलं, असं पुष्कळांना वाटलं.

गंमत म्हणजे ज्याला आज आपण विज्ञानातली सगळ्यात महत्त्वाची चाळणी मानतो, ती परीक्षकांची पद्धत याच राजपुत्राच्या कारकिर्दीत सुरू झाली. कोणता निबंध छापायचा, याचा निर्णय १७५२ पासून एक समिती गुप्त मतदानाने करत असे, आणि त्यासाठी कारणं लिहून देण्याची गरज नसे. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांनी सुचवलं, की महत्त्वाच्या निबंधांवर जाणकारांकडून लेखी अहवाल घ्यावेत आणि ते छापावेत. निबंधापेक्षा अहवालच लोक आवडीने वाचतील, अशी त्यांची अटकळ होती! म्हणजे चाळणीपेक्षा प्रसिद्धी हा त्यांचा हेतू होता.

पहिला प्रयोग झाला तो जॉर्ज एअरी यांच्या निबंधावर. विषय होता पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतींमधला एक दीर्घ काळाचा फरक. परीक्षक दोन: स्वतः ह्यूएल आणि... जॉन विल्यम लबॉक. तेच, तेव्हा सोसायटीचे खजिनदार असलेले. दोघांचं पहिल्याच फटक्यात बिनसलं. ह्यूएल यांना निबंधाचं मोठेपण समजावून सांगायचं होतं, तर लबॉक यांना त्यातल्या उणिवा दिसत होत्या आणि लेखकाने त्या दुरुस्त कराव्यात असं वाटत होतं. अखेर १८३२ मध्ये कसाबसा एक संयुक्त अहवाल सादर झाला.

त्यानंतर पद्धत टिकली, पण वेगळ्या रूपात. अहवाल छापणं लवकरच बंद पडलं, ते गोपनीय झाले. परीक्षकाचं नाव लेखकाला कळेनासं झालं. निबंधाचं महत्त्व जगाला सांगण्यासाठी निघालेली वाट दोष काढणाऱ्या दारापाशी येऊन थांबली. वॉटरस्टन यांच्यावरचा शेरा याच दाराआड लिहिला गेला. लेखक लंडनमध्ये असता, तर कोणी ना कोणी त्याच्या कानावर घातलंही असतं. तो होता मुंबईत.

शिवाय तो फेलो नव्हता. बाहेरच्या माणसाचा निबंध एखाद्या फेलोच्या मार्फतच सोसायटीत येऊ शकत असे. वॉटरस्टन यांच्या बाजूने हे काम केलं आरमाराच्या सर्वेक्षण विभागाचे प्रमुख फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी. वाऱ्याच्या वेगाची ब्यूफर्ट मोजपट्टी भूगोलाच्या शिक्षकांना ठाऊक असेल, ते हेच. वॉटरस्टन यांनी पूर्वी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं आणि मुंबईची नोकरीही त्यांच्यामुळेच मिळाली होती. ब्यूफर्ट सज्जन होते, पण वायूंचा सिद्धांत हा त्यांचा प्रांत नव्हता. निबंधाच्या बाजूने भांडेल असं कोणी सभागृहात नव्हतं.

त्याच काळात त्याच मुंबईत, त्याच कंपनीच्या नोकरीत, एक फेलो मात्र होता! अर्देशीर खर्शेटजी वाडिया. मुंबई गोदीतल्या प्रसिद्ध जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातले हे अभियंते वाफेच्या यंत्रांत तरबेज होते. १८३४ मध्ये त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखवले होते. १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईला परतल्यावर कंपनीच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले.

ही निवड जुन्या नियमांखाली झाली, हे लक्षात घ्यायला हवं. ज्या सताड उघड्या दारातून बिनकामाचे उमराव आत गेले, त्याच दारातून गोदीतला एक कर्तबगार पारशी अभियंताही गेला. सहा वर्षांनी दार बदललं.

त्याला निमित्त झालं पदकांवरून माजलेलं भांडण. १८४५ चं शरीरक्रियाशास्त्राचं रॉयल पदक टॉमस स्नो बेक यांना देण्यात आलं, ते रीतसर दिलं नाही म्हणून तक्रारी झाल्या. गेली कित्येक वर्षं चिटणीस असलेले पीटर मार्क रॉजे (थिसॉरस हा इंग्रजी शब्दकोश करणारे) टीकेचे धनी झाले आणि १८४८ मध्ये पदावरून गेले. दरम्यान विल्यम ग्रोव्ह, लेनर्ड हॉर्नर आदी सुधारणावाद्यांनी घटनाच दुरुस्त करून घेतली. १८४७ च्या नव्या नियमानुसार वर्षातून एकदाच निवडणूक, अर्जावर किमान सहा फेलोंच्या सह्या, आणि आलेल्या अर्जांतून कार्यकारिणीने फक्त १५ नावं सुचवायची. राजघराण्यातले लोक आणि उमराव यांच्यासाठी मात्र वेगळी वाट राखून ठेवली. सुधारणा करताना इंग्रज माणूस एक खिडकी उघडी ठेवतोच.

या १५ च्या आकड्याचा हिशेब वर्गात करून बघण्यासारखा आहे. निवडून आलेला माणूस त्यापुढे सरासरी ३० वर्षं जगतो असं धरलं, तर कालांतराने एकूण सभासद १५ गुणिले ३०, म्हणजे ४५० च्या आसपास स्थिरावतील. सातत्याने निबंध लिहिणारी माणसं ठेवायची आणि हौशी मंडळींची संख्या आपोआप ओसरू द्यायची, कोणालाही काढून न टाकता! संथ पण पक्की युक्ती होती. पन्नासेक वर्षांत सोसायटीचं रूप खरोखरच पालटलं.

अर्देशीर यांच्यानंतरचा भारतीय फेलो झाला तो १९१८ मध्ये, श्रीनिवास रामानुजन. मधे ७७ वर्षं गेली. याचं सगळं खापर १५ च्या मर्यादेवर फोडता येणार नाही. आपल्याकडे संशोधनाची सोय नव्हती, संधी देणारंही कोणी नव्हतं. पण लंडनमधल्या सहा फेलोंच्या सह्या मिळवणं ही गोष्ट लंडनबाहेरच्या माणसाला सोपी नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

सभासद कमी म्हणजे वर्गणी कमी. ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे सोसायटीचं नियतकालिक तर कायम तोट्यात, कारण ते फेलोंना मोफत जायचं आणि विकलं फारसं जायचं नाही. त्यामुळे १८४९ मध्ये पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी संशोधनासाठी वर्षाला १,००० पौंड देऊ केले, ती फार मोठी घटना होती. पैसा सरकारचा, वाटप सोसायटीच्या समितीने करायचं. विज्ञानासाठी नियमित सरकारी अनुदानाची ही इंग्लंडमधली सुरुवात. मँचेस्टरचे जूल आणि ग्लासगोचे टॉमसन यांनी वायू प्रसरण पावताना थंड होतो, हे दाखवणारे जे प्रयोग केले, त्यांना यातून मदत मिळाली.

जूल यांनाही परीक्षकांचा हात लागलेला आहे. उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक देणारा त्यांचा प्रसिद्ध निबंध १८५० मध्ये छापला गेला, तेव्हा घर्षणात कार्याचं उष्णतेत रूपांतर होतं हा तिसरा निष्कर्ष परीक्षक समितीच्या इच्छेवरून गाळावा लागला. म्हणजे निबंधाचा प्राणच! पण निदान बाकीचं छापलं गेलं, आणि जूल त्याच वर्षी फेलो झाले.

परीक्षणाची पद्धत माणसाळली ती जॉर्ज स्टोक्स चिटणीस झाल्यावर. १८५४ ते १८८५ अशी ३१ वर्षं त्यांनी हे काम केलं. परीक्षकाचं मत आलं की लेखकाला पत्र, त्यात काय दुरुस्त करता येईल याच्या सूचना, परत आलेलं हस्तलिखित पुन्हा वाचणं, हे सगळं ते स्वतःच्या संशोधनाचा वेळ खर्चून करत. एखादी संस्था कशी चालते, हे घटनेतल्या कलमांवरून थोडंच कळतं. चिटणीसाच्या टेबलावरून जास्त कळतं.

इतिवृत्तालाही असंच वजन असतं. १८६४ मध्ये डार्विन यांना सोसायटीचं सर्वोच्च कोप्ली पदक मिळालं. वार्षिक सभेत अध्यक्ष एडवर्ड सबाइन यांनी भाषणात सांगितलं, की पदक देताना ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक मुद्दाम वगळलं आहे. टॉमस हक्स्ली उठले आणि कार्यकारिणीचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणाले. तसा कोणताही ठराव त्यात नव्हता. छापील भाषणात ते शब्द सौम्य करावे लागले. त्याच महिन्यात हक्स्ली आणि त्यांच्या मित्रांचं ‘एक्स क्लब’ नावाचं नऊ जणांचं मंडळ जमू लागलं होतं. पुढे हूकर, स्पॉटिसवुड आणि हक्स्ली असे त्यांतले तिघं ओळीने, १८७३ पासून १८८५ पर्यंत, सोसायटीचे अध्यक्ष झाले. म्हणजे उमरावांचा कंपू गेला आणि शास्त्रज्ञांचा आला, असंही कोणी म्हणेल. (नवांपैकी एक होते जॉन लबॉक, आपल्या परीक्षक लबॉक यांचे चिरंजीव.)

तरी या मंडळींनी एक चांगलं काम केलं. हूकर अध्यक्ष असताना सधन फेलोंकडून सुमारे १०,००० पौंडांचा निधी जमवला गेला आणि १८७८ मध्ये प्रवेशशुल्क रद्द करून वार्षिक वर्गणी ३ पौंडांवर आणली गेली. गरीब शास्त्रज्ञाला निवड होऊनही पैशाअभावी नकार द्यावा लागू नये, हा हेतू. स्त्रियांसाठी मात्र दार बंदच होतं. १९०२ मध्ये हर्था एअर्टन यांचं नाव पुढे आलं, तेव्हा विवाहित स्त्रीला सनदेनुसार फेलो होता येत नाही, असा वकिलांचा सल्ला मिळाला. पहिल्या स्त्रिया निवडल्या गेल्या त्या १९४५ मध्ये.

वॉटरस्टन १८५७ मध्ये स्कॉटलंडला परतले. त्याच सुमाराला क्रोनिग, क्लॉसियस आणि मग मॅक्सवेल यांनी वायूंचा तोच सिद्धांत नव्याने उभा केला आणि तो जगन्मान्य झाला. वॉटरस्टन यांनी १८५८ मध्ये ध्वनीवर एक निबंध ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापला. त्यात आपल्या जुन्या हस्तलिखिताचा त्यांनी उल्लेख केला. कोणी लक्ष दिलं नाही. विद्वत्संस्थांचा विषय निघाला की ते कडवटपणे बोलत. १८ जून १८८३ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, ते घरातून फिरायला म्हणून बाहेर पडले आणि परत आलेच नाहीत.

ध्वनीवर काम करणाऱ्या लॉर्ड रॅले यांच्या वाचनात पुढे तो १८५८ चा निबंध आला. त्यातला उल्लेख पाहून त्यांना कुतूहल वाटलं. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. पण रॅले तेव्हा रॉयल सोसायटीचे चिटणीस होते, कपाट त्यांच्याच ताब्यात होतं. १८९१ मध्ये त्यांनी हस्तलिखित शोधून काढलं. ज्या नियमामुळे ते लेखकाला परत मिळालं नव्हतं, त्याच नियमामुळे ते इतकी वर्षं जपूनही ठेवलं गेलं होतं.

१८९२ च्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये तो निबंध रॅले यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला. वेळेवर न छापल्याने या विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षं मागे पडली असावी, असं रॅले यांनी स्पष्ट लिहिलं. त्याच प्रस्तावनेत त्यांनी तरुण, अपरिचित लेखकांना एक सल्लाही दिला: मोठ्या धाडसी कल्पना मांडण्याआधी छोट्या, सहज पारखता येईल अशा कामाने विद्वानांची मान्यता मिळवा. सल्ला व्यवहारी आहे. तो ऐकला असता, तर मुंबईतल्या त्या शिक्षकाने १८४५ मध्ये वायूंवर काहीच लिहिलं नसतं.